बिडाची घंटा

कंपनीचा कारभार कुणी हाकावा, व्यवस्थापन शिकलेल्यानं की यंत्र शिकलेल्यानं, हा प्रश्न उद्योगजगताला पिढ्यान्‌पिढ्या छळत आला आहे आणि त्याचं निर्णायक उत्तर माझ्याजवळ आहे. ते मला एकोणीसशे शहाण्णवच्या जून महिन्यात मिळालं. तेव्हाच मी ते तीन जणांसमोर उभं राहून जाहीरही केलं होतं. त्यांतला एक हसला, एकानं पुरावा मागितला आणि तिसऱ्यानं मला खाली बसायला सांगितलं.

"मिरजकर, हे काय आहे?" आण्णांनी टेबलावरचा जिन्नस माझ्याकडं सरकवला.

"पंपाची बॉडी."

"नीट बघा."

"भोकं पडलेली पंपाची बॉडी."

"आमच्या घरच्या आंबोळीला एवढी जाळी पडत नाही," आण्णा म्हणाले. "शंभरातल्या एकोणीस अशा. पुण्याच्या गिऱ्हाइकानं पत्र धाडलंय. जूनअखेर सुधारा, नाहीतर ऑर्डर बंद."

आण्णा म्हणजे जिनदत्त उपाध्ये, आमचे मालक. कोल्हापूरजवळ शिरोलीत त्यांची ओतकामाची फाउंड्री होती. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं, पंपाच्या बॉडी काढायच्या आणि पुण्याला पाठवायच्या. आण्णांनी स्वतः साचे भरत धंदा उभा केला होता, पण त्या जानेवारीत हृदयाचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी भट्टीजवळ जायची बंदी केली. तेव्हापासून ते केबिनमध्ये पांढऱ्या कपड्यांत बसत आणि कारखान्यात काय चाललंय ते कागदावरून ओळखत. कागद लिहिणारा मी. पदानं पर्सोनेल अँड अॅडमिनिस्ट्रेशन ऑफिसर, शिक्षणानं मराठीचा एम.ए. फाउंड्रीला मराठीच्या एम.ए.ची काय गरज, असं कुणी विचारत नसे. निदान मला तरी नाही.

केबिनमध्ये आणखी दोघं होते. सौरभ गुर्जर पुण्याहून एम.बी.ए. करून आलेला, तिशीतला, मार्केटिंग सांभाळणारा. भरत चौगुले इंजिनिअर, धातुशास्त्र शिकलेला, पस्तिशीचा, उत्पादनावर देखरेख करणारा. दोघंही हुशार होते आणि दोघांनाही ते माहीत होतं.

"मला आता झेपत नाही," आण्णा म्हणाले. "जनरल मॅनेजर नेमायचा आहे. तुम्हा दोघांपैकीच. तीन आठवडे देतो. ही भोकं कुठून येतात ते शोधा आणि बंद करा. जो करील तो खुर्चीत."

"आणि मिरजकर?" गुर्जरनं विचारलं.

"ते दोघांना लागतील ते कागद देतील."

त्या दिवसापासून दुपारच्या कँटीनमध्ये एकच वाद.

"सर, कारखाना म्हणजे माणसं," गुर्जर म्हणायचा. "माणसं हाताळता आली की लोखंड आपोआप हाताळलं जातं."

"लोखंडाला हे कुणी सांगितलंय का?" चौगुले आमटीत भाकरी कुस्करत म्हणायचा. "चौदाशे डिग्रीला ते माणसं बघत नाही."

"म्हणूनच इंजिनिअर चांगला फोरमन होतो. त्याच्या वर नाही."

"आणि एम.बी.ए. चांगला पाहुणा होतो. येतो, बोलतो, पाण्याचा ग्लास मागतो."

मी दोघांच्या मध्ये बसून दोघांनाही मान डोलवायचो. मराठीच्या एम.ए.ला ही सवय परीक्षेपासून असते.

गुर्जरनं पहिल्या आठवड्यात एकशेबारा कामगारांना एक प्रश्नावली वाटली. 'कामातलं समाधान एक ते दहा आकड्यांत लिहा.' 'तुमच्या वरिष्ठांशी संवाद कसा आहे?' माझ्याकडून त्यानं जानेवारीपासून कारखान्यात झालेल्या सगळ्या बदलांची यादी मागितली, कारण भोकं फेब्रुवारीत सुरू झाली होती. मी रात्री कागद घरी नेऊन नीट यादी केली. भंगाराचा व्यापारी बदलला. दुसऱ्या पाळीचा भट्टीवाला नवा आला. आण्णांचं दुखणं. कँटीनचा ठेका. एकूण नऊ बदल. गुर्जरनं त्यांचा रंगीत तक्ता केला आणि प्रत्येकाखाली बाण काढला.

चौगुलेनं त्याच आठवड्यात भट्टीचं अस्तर उघडलं, वितळलेल्या बिडाच्या रसाचे नमुने सांगलीला तपासायला पाठवले, ओतायच्या वाटा रुंद केल्या, मग अरुंद केल्या. वाळूची नोंदवही तपासली. रोज सकाळी आठला मिक्सरच्या पहिल्या घाण्यातली वाळू प्रयोगशाळेत जात असे आणि तिच्यातलं पाण्याचं प्रमाण रोज बरोबर असे. त्यानं वही मिटली. "वाळूत काही नाही. दुखणं धातूत आहे."

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एकोणिसाचे एकवीस झाले.

आण्णांनी पुन्हा बोलावलं. या वेळी टेबलावर दोन पंपांच्या बॉडी होत्या.

"आठवडा राहिला," ते म्हणाले. "काही सापडलं?"

आणि तेव्हा एक चमत्कार झाला. गुर्जर आणि चौगुले यांचं एकमत झालं.

"वाळूच्या मिक्सरवर तो म्हातारा आहे ना," गुर्जर म्हणाला. "गुंडू सुतार. त्याच्या कामाची कुठंच नोंद नाही. पाणी किती घालतो हे एका कागदावर नाही. प्रश्नावलीत त्यानं सगळीकडं 'सात' लिहिलंय. वरिष्ठांशी संवाद कसा? सात."

"मीही विचारलं त्याला," चौगुले म्हणाला. "दर घाण्याला किती लिटर पाणी? तर म्हणाला, लागंल तेवढं. आण्णा, हे विज्ञान नाही. वहीत वाळू बरोबर दिसते, तरी म्हातारा काढून ऑटोमॅटिक मिक्सर बसवू. एक अनिश्चित गोष्ट तरी कमी होईल."

"अगदी बरोबर," गुर्जर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं चौगुलेला हे म्हटलं असावं.

गुंडूमामा आण्णांबरोबर साचे भरायला होते, अठ्ठावीस वर्षांपूर्वी.

"निवृत्तीला किती राहिलेत त्याचे?" आण्णांनी विचारलं.

"चौदा महिने," मी म्हणालो.

"मुदतपूर्व निवृत्तीचं पत्र करा. चांगल्या शब्दांत करा, मिरजकर. तुम्हाला येतं ते."

इथं आमच्या कारखान्यातला एक रिवाज सांगायला हवा. जो वय होऊन रिटायर होतो, त्याच्या शेवटच्या दिवशी शेवटचा रस त्याच्या हातानं ओततात. साचाही त्यानंच केलेला. ज्याला जे हवं ते. कुणी उसाच्या गुऱ्हाळाला चाक करून नेलं, कुणी नातवाला खेळातला बैल. वस्तूवर नाव आणि साल उठवायचं. मधेच काढलेल्याला हे मिळत नसे. काढलेला माणूस म्हणजे रिजेक्शन, त्याला कोण ओततंय. मामांनी सहा महिन्यांपूर्वीच लाकडाचा नमुना करून कपाटावर ठेवला होता. आडनाव सुतार, काम वाळूचं, पण हात विसरला नव्हता. घंटेचा नमुना होता. वडगावात त्यांच्या गल्लीत बिरोबाचं छोटं देऊळ आहे, तिथली पितळी घंटा चोरीला गेली होती.

पत्र मी खरोखर चांगलं लिहिलं. 'आपल्या प्रदीर्घ आणि निष्ठावान सेवेचा गौरव करताना' अशी सुरुवात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते खिशात घालून मिक्सरजवळ गेलो.

मिक्सर म्हणजे मोठं लोखंडी पातेलं, त्यात दोन जड चाकं वाळू मळत फिरतात. मामा कडेला उभे होते. हातात पाण्याचा मग, दोन्ही हातांत कोपरापर्यंत जाड रबरी हातमोजे.

"या साहेब. आज हिकडं कसं काय? वाट चुकलायसा जणू."

"सहज आलो, मामा. कसं काय चाललंय?"

"सात," मामा म्हणाले.

मी हसलो नाही. मामाही हसले नाहीत.

"एक कागद होता तुमच्यासाठी. सही लागेल."

"आता परत कसला कागद?" त्यांनी मग खाली ठेवला. "थांबा. मोज्यानं पेन धरवत न्हाई." उजव्या हातातला मोजा दातांनी ओढून काढला आणि सही करायच्या आधी, अगदी सवयीनं, पातेल्यातली मूठभर वाळू उचलली. दाबली. मूठ उघडली. वाळूचा गोळा झाला होता, त्यावर बोटांचे ठसे. त्यांनी तो दोन्ही अंगठ्यांनी मोडायला बघितला. तो मोडला नाही, लिबलिबला.

मामांनी जीभ टाळूला लावून 'च्‌' केलं.

"काय झालं?"

"वली हाय. कायच्या काय वली."

"म्हणजे?"

"वल्या वाळूत रस ओतला की वाफ हुतीया. वाफ जाणार कुठं? रसातनंच जाणार. तिथं भोक."

मी पातेल्यात डोकावलो.

"मामा, मग एवढी ओली का करता?"

"आता मला काय ठावं वली हाय का कोरडी हाय?" त्यांनी डावा, मोजा घातलेला हात माझ्यापुढं धरला. "ह्यातनं कळतंय व्हय? सकाळचा पयला घाणा मापानं पाणी घालून करतो, त्यो बरोबर असतोय. मग दिवसभर साच्यातली गरम वाळू परत येतीया, कवा सुकी, कवा दमट. ती हातानंच बघाय लागतीया. कोरडी राहिली तर साचा ढासळतो, वरडा खाय लागतोय. म्हणून मी आपला एक मग जादाच घालतो. चार म्हैनं झालं."

"मग मोजे काढून बघायचं ना!"

मामांनी माझ्याकडं बघितलं, ते बघणं मला अजून आठवतं. रागाचं नव्हतं. लहान मुलाला गणित न आल्यावर मास्तर बघतात तसं होतं.

"त्या बोर्डावर काय लिवलंय, साहेब?"

बोर्ड समोरच होता. त्यावर काचेमागं सव्वीस जानेवारीचं सुरक्षा-परिपत्रक होतं. अकरा कलमं. पुण्याच्या गिऱ्हाइकाची माणसं पाहणीला यायची होती, त्यांना कामगारांच्या सुरक्षेचा कागद हवा होता. तो मी लिहिला होता. पाहुण्यांनी वाचून फार वाखाणला. एक जण म्हणाले होते, 'कारखान्यात एवढी चांगली भाषा आम्ही पाहिली नाही.' माझं आयुष्यातलं एकमेव प्रकाशित लिखाण ते. कलम तीन : 'कामाच्या वेळेत दोन्ही हातांतील हातमोजे कोणत्याही कारणास्तव उतरवले जाणार नाहीत.' कलम चार : 'हातमोजे कापणे वा फाडणे ही कंपनीच्या मालमत्तेची नासधूस समजली जाईल.' कलम पाच : 'उल्लंघन करणाऱ्याची एक दिवसाची रजा कापण्यात येईल.' 'कोणत्याही कारणास्तव' हे शब्द मी तिसऱ्या मसुद्यात घातले होते. त्यानं वाक्याला वजन आलं होतं.

गुर्जरला दिलेल्या यादीत नऊ बदल होते. हे परिपत्रक त्यात नव्हतं. ते मी लपवलं नव्हतं. मला ती सुधारणा वाटत होती, बदल नव्हे.

"तुम्ही हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"सुपरवायझरला सांगिटलं. म्हणला, वर कागद देतो. दिला. वर म्हंजे तुमच्याकडंच की."

आला असावा. माझ्या कपाटात 'सुरक्षा : सूचना व तक्रारी' नावाची फाईल होती. ती नीट लावलेली होती. वाचलेली नव्हती.

"गुर्जर साहेबांना? चौगुले साहेबांना?"

"गुर्जर साहेबांनी आकडा इचारला. चौगुले साहेबांनी लिटर इचारलं. हात का बांधलायसा, ह्यें कुणी इचारलं न्हाई." मामांनी पेन मागायला हात पुढं केला. "द्या. कुठं सही करू?"

"नको," मी म्हणालो. "चुकीचा कागद आणला."

"काय लिवलंय त्यात?"

"काही नाही. गौरव आहे."

मामांनी खिशाकडं एकदा बघितलं. वीस वर्षं कामगारांच्या हातात पत्रं देणाऱ्या माणसाचा खिसा कशानं फुगलाय, हे त्यांना कळलं असणार. "बरं," म्हणाले आणि पुन्हा मोजा चढवू लागले.

त्या संध्याकाळी मी एक दुरुस्ती-परिपत्रक काढलं. 'उजव्या हाताच्या मोज्यांचा पुरवठा अपुरा असल्याने, पुढील सूचना मिळेपर्यंत, मिक्सर विभागात केवळ डाव्या हाताचा मोजा वापरण्यात यावा.' मोजे जोडीनंच येत होते आणि गोदामात चार पेट्या होत्या, पण परिपत्रक छापलं की पुरवठा अपुरा होतो. सगळं खरं सांगणारं एक वाक्यही मी लिहून बघितलं. ते 'माझ्या' या शब्दानं सुरू होत होतं. पुढं जाईना, म्हणून खोडलं.

गुरुवारी एकविसाचे अकरा झाले. शुक्रवारी सहा. सोमवारी कारखान्याची सुट्टी. मंगळवारी चार.

बुधवारी केबिनमध्ये टेबलावर पंपाची एकच बॉडी होती, गुळगुळीत. आण्णा तिच्यावरून हात फिरवत होते.

"कुणी केलं?"

"आण्णा, मागच्या आठवड्यात मी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला दहा मिनिटांची सभा सुरू केली," गुर्जर म्हणाला आणि तक्ता उलगडला. त्यावर एक रेघ छान उतरत होती. "ज्या दिवशी सभा सुरू, त्या दिवसापासून उतार. माणसांना आपलं म्हणणं ऐकलं जातंय असं वाटलं."

"सभेत काय ऐकलंत?" चौगुले म्हणाला. "बुधवारी मी ओतायचं तापमान तीस डिग्रीनं वाढवलं. उतार त्याचा आहे. सांगलीचा रिपोर्ट बघा."

"तापमान तुम्ही मेमध्येही वाढवलं होतं."

"तेव्हा वीस डिग्री होतं."

"आण्णा," मी म्हणालो आणि उभा राहिलो. मला उभं राहायचं नव्हतं, पण पाय आपले आपण उभे राहिले. "याचं कारण दोघांतलं एकही नाही. कारण मी आहे. हातमोज्यांचं परिपत्रक माझं. मामांना वाळूचा ओलावा हातानं बघावा लागतो, मोज्यातून कळत नव्हता. मी उजवा मोजा काढायला लावला, तेव्हापासून हे आहे. चार महिन्यांची भोकं माझ्या कलम तीनमुळं. आणि मामांना काढायचं काहीच कारण नाही."

गुर्जर हसला. वाईट हसला नाही. एखादा माणूस बरं नसताना उगाच स्वतःवर घेतो तेव्हा हसतात तसा. "मिरजकर, एका मोज्यानं?"

"तुमच्याकडं ओलाव्याचे आकडे आहेत?" चौगुलेनं विचारलं. "मोजा घालून किती टक्के, मोजा काढून किती टक्के?"

"नाहीत. मामांनी मूठ दाबून दाखवली."

"मूठ दाबून," चौगुले म्हणाला आणि वहीत काही लिहिलं नाही.

मी आण्णांकडं बघितलं. त्यांनी स्वतः पंधरा वर्षं वाळू मुठीत दाबली होती. त्यांचा हात बॉडीवर थांबला. क्षणभर मला वाटलं, उठतील, खाली जातील, मूठभर वाळू उचलतील.

"मिरजकर, तुम्ही मराठीचे एम.ए. ना?"

"हो."

"मग वाळूचं कशाला बोलताय? बसा."

मी बसलो. नोकरी जाईल या भीतीनं मी तीन दिवस जेवलो नव्हतो. नोकरीला धक्काही लागला नाही. एखाद्याला जबाबदार धरायचं तर आधी त्याच्या हातून काही घडू शकतं हे मान्य करावं लागतं, आणि माझ्याबाबतीत तिथंच अडत होतं.

निर्णय असा झाला. गुर्जर जनरल मॅनेजर, वाणिज्य. चौगुले जनरल मॅनेजर, तंत्र. दोघांच्या केबिन शेजारीशेजारी, मधे काच. ते एकमेकांशी पत्रानं बोलू लागले आणि पत्रं मी टाईप करून घेऊ लागलो. सभा चालू राहिल्या, तापमान तीस डिग्रीनं वाढलेलंच राहिलं. मामांच्या पत्राचं पुढं कुणी विचारलं नाही. आमच्याकडं जे पत्र दुसऱ्यांदा मागितलं जात नसे, ते गेलं नाही तरी चालत असे. ऑटोमॅटिक मिक्सरच्या प्रस्तावावर वाणिज्य आणि तंत्र यांचा पत्रव्यवहार तीन वर्षं चालला. उजव्या मोज्याचा पुरवठाही तोवर अपुराच राहिला.

गुंडूमामा सत्त्याण्णवच्या ऑगस्टमध्ये, वय होऊन, रिवाजाप्रमाणे रिटायर झाले. शेवटच्या रसाला दोन्ही जनरल मॅनेजर हजर होते. मामांनी वाळू मुठीत दाबली, मोडली, साचा स्वतः भरला आणि रस ओतला. दुसऱ्या दिवशी साचा फोडून घंटा काढली, घासली, आणि मी, मामा आणि त्यांचा जावई ती टेंपोतून वडगावला घेऊन गेलो. देवळात आढ्याला टांगली. मामांनी आतला लोळा हातात धरून पहिला टोल दिला.

ठक्‌.

पुन्हा दिला. ठक्‌. पाटावर पाट ठेवावा तसा.

"मामा, हिचा आवाज येत नाही," मी म्हणालो.

"बिडाची हाय न्हवं. बिडाला नाद नसतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"एकोणतीस वर्सं बीडच बघितलंय." मामा घंटेखाली वाकले आणि उजवा हात आत घालून चारी बाजूंनी फिरवला. "हात घाला, साहेब. बघा. एक भोक न्हाई."

मी हात घातला. नव्हतं.

चौगुलेला मी नंतर विचारलं. बिडाला नाद नसतो हे त्याला दुसऱ्या वर्षालाच शिकवलं होतं. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

घंटा अजून तिथं आहे. चोरीला गेलेली नाही.